यंत्राला शब्द शिकविणाऱ्या ग्रेस हॉपर

उन्हाळ्याची सुट्टी होती. अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात वुल्फबरो नावाचे एक रम्य गाव आहे. तेथील तळ्याकाठच्या एका घरात न्यूयॉर्कचे मरे कुटुंब सुट्टीसाठी येऊन राहिले होते. घरात झोपण्याच्या सात खोल्या होत्या आणि प्रत्येक खोलीत गजराचे एक घड्याळ होते. मरे यांची थोरली मुलगी ग्रेस त्या वेळी सात वर्षांची होती. किल्ली दिली की घड्याळ नेमके ठरल्या वेळी कसे वाजते, याचे तिला मोठे कुतूहल होते. एके दिवशी तिने आपल्या खोलीतील घड्याळ उघडले. तोच आतील चाके नि कमानी बाहेर आल्या आणि काही केल्या त्या पुन्हा जुळेनात. त्या कशा जुळवाव्यात हे पाहण्यासाठी तिने दुसरे घड्याळ उघडले, दुसऱ्यासाठी तिसरे. आईच्या लक्षात हा प्रकार आला तेव्हा घरातील सातही घड्याळे खिळखिळी होऊन पडली होती! आईने शिक्षा मात्र वेगळीच केली. यापुढे ग्रेसने एकाच घड्याळावर प्रयोग करावेत, एवढेच बंधन तिने घातले.

ग्रेसचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्क शहरात झाला. तिचे वडील विम्याच्या व्यवसायात होते. आजारामुळे त्यांना दोन्ही पाय गमवावे लागले होते. तरीही काठ्यांच्या आधाराने ते कामावर जात. आपल्या पश्चात मुलांना स्वतःच्या पायांवर उभे राहता आले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. म्हणूनच मुलाला जे शिक्षण, तेच दोन्ही मुलींना, असा त्या घरचा नियम होता. आईला गणिताची आवड होती. पण तिच्या तरुणपणी मुलींनी गणितात फार पुढे जाणे समाजाला रुचत नसे. आपल्याला जे मिळाले नाही ते मुलींना मिळावे, असे त्या माउलीला वाटले तर त्यात नवल नाही.

सोळाव्या वर्षी ग्रेसने व्हासर महाविद्यालयात प्रवेश मिळविण्याचा प्रयत्न केला. परंतु लॅटिन भाषेच्या परीक्षेत ती नापास झाली. एक वर्ष थांबून, पुन्हा अभ्यास करून तिने प्रवेश मिळविला आणि १९२८ साली गणित व भौतिकशास्त्र या विषयांत पदवी घेतली. पुढे येल विद्यापीठातून तिने १९३० मध्ये एम. ए. व १९३४ मध्ये डॉक्टरेट मिळविली. १९३० मध्येच व्हिन्सेंट हॉपर यांच्याशी तिचा विवाह झाला. १९४५ साली हे दांपत्य विभक्त झाले. तथापि हॉपर हे आडनाव त्यांनी अखेरपर्यंत ठेवले. त्या व्हासरमध्येच गणित शिकवू लागल्या होत्या. मानाची नोकरी होती, आवडीचा विषय होता. सारे आयुष्य असेच गेले असते, तर एक चांगल्या शिक्षिका म्हणून थोड्या विद्यार्थिनींनी त्यांची आठवण ठेवली असती.

डिसेंबर १९४१ मध्ये जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला आणि अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरली. हॉपरबाईंचे पणजोबा नौदलात रिअर ॲडमिरल होते. आपणही नौदलात जावे असे बाईंच्या मनाने घेतले. पण नौदलाला त्या नको होत्या! त्यांचे वय जास्त ठरले, वजन नियमापेक्षा १५ पौंडांनी कमी भरले. शिवाय गणिताच्या प्राध्यापकाने शिकवीत राहणे हेच देशकार्य होय, असे सरकारचे मत पडले. बाईंनी पाठपुरावा सोडला नाही. वजनाची विशेष सवलत मिळविली, महाविद्यालयाकडून रजा मिळविली आणि डिसेंबर १९४३ मध्ये नौदलाच्या राखीव दलात त्यांनी नाव नोंदविले. प्रशिक्षण संपले तेव्हा आपल्या तुकडीत त्या पहिल्या आल्या होत्या.

त्यांना बोटीवर पाठविले जाईल असे वाटत होते. परंतु जुलै १९४४ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील एका प्रयोगशाळेत रुजू होण्याची आज्ञा झाली. तेथे कमांडर हॉवर्ड आयकेन यांच्या देखरेखीखाली ‘मार्क १’ नावाचे अवाढव्य गणकयंत्र चालत होते. ५१ फूट लांब, ८ फूट उंच, वजन सुमारे ५ टन! आत साडेसात लाखांहून अधिक सुटे भाग आणि सुमारे ५०० मैल लांबीची तार. ते सेकंदाला तीन बेरजा करी. एका गुणाकाराला मात्र त्यास सुमारे सहा सेकंद लागत. आजच्या खिशातील यंत्रापुढे हा वेग हास्यास्पद वाटेल. पण तोफांची कोष्टके करणाऱ्या माणसांना जे काम पुरे करण्यास महिनोन् महिने लागले असते, ते हे यंत्र अहोरात्र खडखडत उरकीत असे. यंत्र पाहताच हॉपरबाईंना लहानपणीची घड्याळे आठवली असतील काय? आयकेन यांनी मात्र त्यांना फारसा वेळ दिला नाही. एका आठवड्यात यंत्र चालविण्यास शिकावे आणि एक अवघड गणित त्याच्याकडून सोडवून घ्यावे, असा हुकूम झाला.

त्या काळी यंत्राला आज्ञा देणे हे कष्टाचे काम होते. कागदाच्या लांब पट्टीवर भोके पाडावयाची. कोठे भोक आहे व कोठे नाही, यावरून यंत्र आज्ञा ओळखी. एक भोक चुकले की सारे उत्तर चुकले. आणि यंत्र काही चुकले म्हणून बोलून दाखवीत नाही. ते मुकाट्याने थांबते, अथवा त्याहून वाईट म्हणजे चुकीचे उत्तर खऱ्या उत्तराच्याच ऐटीत देऊन मोकळे होते. मग दोष पट्टीत आहे, गणिताच्या मांडणीत आहे की यंत्राच्या एखाद्या चाकात आहे, हे शोधीत बसावे लागे. हॉपरबाई व त्यांचे सहकारी रात्रपाळ्या करून हे दोष हुडकीत. पुढे आयकेन यांच्या सांगण्यावरून बाईंनी त्या यंत्राची माहिती देणारा ५६१ पानांचा ग्रंथ सिद्ध केला. तो १९४६ मध्ये प्रसिद्ध झाला.

दोषशोधनाची एक गोष्ट जगभर सांगितली जाते. ‘मार्क १’ नंतर हार्वर्डमध्ये ‘मार्क २’ तयार झाले. १९४७ सालच्या सप्टेंबर महिन्याची ९ तारीख होती. यंत्र बिघडले. शोधता शोधता ७० क्रमांकाच्या रिलेमध्ये, म्हणजे विजेने उघडझाप होणाऱ्या एका कळीमध्ये, एक मेलेला पतंग अडकलेला सापडला. दिव्यावर झेप घेणारा साधा पतंग! तेथील मंडळींनी तो अलगद काढून नोंदवहीत चिकटपट्टीने चिकटविला आणि खरोखरीचा किडा सापडल्याची नोंद केली. यात विनोद असा की, यंत्रातील दोषाला इंग्रजीत ‘बग’ म्हणजे किडा म्हणण्याचा प्रघात होताच. थोर संशोधक एडिसन यांनीही एकोणिसाव्या शतकात तो शब्द वापरला होता. म्हणून हा शब्द हॉपरबाईंनी निर्माण केला किंवा तो पतंग त्यांनीच पकडला, असे कोणी सांगतात ते बरोबर नव्हे. गोष्ट मात्र त्या जन्मभर रंगवून सांगत.

पतंग काढून टाकता येतो. पण हॉपरबाईंच्या लक्षात आले की, बहुतेक दोष यंत्रात नसून माणसाच्या हातात असतात. त्याचे कारण असे. काही गणिते पुन्हा पुन्हा लागत. त्यांच्या आज्ञा एकदा नीट लिहून झाल्या की प्रत्येक जण आपल्या वहीत त्या उतरून ठेवी आणि हव्या तेव्हा तेथून नव्या कामात नकलून घेई. हे नकलणे फार घातक होते. आपल्याकडे पेशवाईतील ‘ध’चा ‘मा’ प्रसिद्ध आहे. आज्ञापत्रातील एका अक्षराने धरण्याचे मारणे झाले आणि नारायणराव पेशव्यांचा प्राण गेला, असे म्हणतात. तेथे बदल मुद्दाम झाला; येथे तो अनवधानाने होई. घाईत लिहिलेला ४ हा आकडा एका त्रिकोणी खुणेसारखा दिसे आणि यंत्राच्या लेखी त्या खुणेचा अर्थ रिकामी जागा असा होई. इंग्रजीतील ‘बी’ हे अक्षर सुटे लिहिले गेले की त्याचे १३ होत. आणखी एक अडचण होती. नकललेल्या भागातील प्रत्येक पत्ता, म्हणजे माहिती यंत्रात कोठे ठेवली आहे तो क्रमांक, नव्या ठिकाणानुसार बेरीज करून बदलावा लागे. गणितात पारंगत असलेली माणसेही या साध्या बेरजा चुकत!

१९४९ साली हॉपरबाई फिलाडेल्फिया येथील एका नव्या कंपनीत दाखल झाल्या. एकर्ट व मॉकली हे दोन संशोधक तेथे ‘युनिव्हॅक’ नावाचा संगणक बांधीत होते. हा संगणक विजेच्या नळ्यांवर चाले आणि ‘मार्क १’ हून कितीतरी वेगवान होता. येथेच बाईंच्या मनात एक विचार पक्का झाला. नकलणे व बेरीज करणे या दोन गोष्टींत माणूस कच्चा आहे; पण संगणक नेमक्या याच दोन गोष्टींत तरबेज आहे. मग हे काम त्याच्याकडेच का सोपवू नये?

त्यांनी नेहमी लागणाऱ्या आज्ञांचे तुकडे एकत्र केले, तपासून निर्दोष केले आणि प्रत्येकाला एक क्रमांक देऊन चुंबकीय फितीवर साठविले. आता माणसाने केवळ हवे ते क्रमांक ओळीने लिहावयाचे. ते तुकडे शोधणे, उतरून घेणे, पत्ते बदलणे व अखंड आज्ञावली तयार करणे ही सारी खटपट संगणकाची! तुकड्यांचे संकलन करणाऱ्या या व्यवस्थेस त्यांनी ‘कंपायलर’ म्हणजे संकलक असे नाव दिले. तिचा पहिला अवतार ‘ए-०’ या नावाने ओळखला जातो. तो १९५२ च्या सुमारास चालू लागला.

हे काम करताना एक मोठा पेच पडला होता. एखादा तुकडा करून झाल्यावर आज्ञावलीला कधी मागे तर कधी पुढे उडी मारावी लागते. मागची उडी सोपी, कारण मागच्या भागाचा पत्ता ठाऊक असतो. पण पुढचा भाग अजून रचलाच गेला नसेल तर त्याचा पत्ता कोठून द्यावा? याचे उत्तर बाईंना खेळाच्या मैदानावर सापडले. विद्यार्थिदशेत त्या बास्केटबॉल खेळत. त्या वेळच्या मुलींच्या नियमानुसार चेंडू घेऊन फार पळता येत नसे. म्हणून खेळाडू चेंडू सोबतिणीकडे फेके, स्वतः पुढे धावे आणि मग चेंडू पुन्हा आपल्याकडे घेई. बाईंनी तेच केले. संगणकाच्या स्मृतीच्या अगदी शेवटी त्यांनी एक मोकळा कोपरा राखून ठेवला. पुढे जावयाचे असले की तूर्त उडी त्या कोपऱ्यात मारावयाची आणि तेथे निरोप ठेवावयाचा. पुढचा भाग रचला गेला की त्याने आपल्यासाठी निरोप आहे का ते पाहावयाचे आणि त्या कोपऱ्यातून स्वतःकडे येणारी दुसरी उडी जोडून घ्यावयाची. ‘युनिव्हॅक’ची स्मृती अवघ्या १००० शब्दांची होती, इतक्या लहान जागेत ही युक्ती फार उपयोगी पडली.

यंत्र चालू लागले. पण ते वापरण्यास कोणी पुढे येईना. संगणक फक्त अंकगणित करतो, तो आज्ञावल्या लिहू शकत नाही, असे जाणत्या लोकांचे ठाम मत होते. जी गोष्ट होऊच शकत नाही ती झालेली पाहण्यास तरी कोण येणार? शिवाय यंत्राची गूढ भाषा जाणणाऱ्या थोड्या लोकांना आपले महत्त्व कमी होईल अशीही धास्ती वाटत होती. नव्या विद्येला पहिला विरोध पुष्कळदा त्या विद्येच्या जाणकारांकडूनच होतो, आणि बाईंचा अनुभवही तसाच होता.

तरीही हॉपरबाई आणखी एक पायरी वर चढल्या. क्रमांकांऐवजी सरळ शब्दच का वापरू नयेत? व्यापारी, हिशेबनीस, कोठारावरील अधिकारी या मंडळींना गणिताची चिन्हे पाहून धडकी भरते. त्यांना आपल्या रोजच्या भाषेतील शब्द लिहून संगणकाकडून काम करून घेता आले पाहिजे. त्यांनी एक लहानसा नमुना तयार केला आणि तो कंपनीच्या वरिष्ठांपुढे ठेवला. इंग्रजी शब्दांत लिहिलेल्या आज्ञा यंत्राने बिनचूक पाळल्या. आपली योजना किती साधी आहे हे पटावे म्हणून बाईंनी त्याच आज्ञा फ्रेंच शब्दांत आणि मग जर्मन शब्दांत लिहून दाखविल्या. येथेच त्यांचा अंदाज चुकला. यंत्राला इंग्रजी काय, फ्रेंच काय नि जर्मन काय, सारी अक्षरे केवळ खुणा. एका खुणेऐवजी दुसरी ठेवली की झाले. पण वरिष्ठ मंडळी बिथरली! अमेरिकेत बांधलेल्या यंत्राला परकी भाषा कशी समजेल, असे त्यांना वाटले आणि साऱ्या योजनेवरचाच त्यांचा विश्वास उडाला. आपला संगणक केवळ इंग्रजीतच काम करील, हे पटविण्यात बाईंचे पुढील चार महिने गेले. अखेर ‘फ्लो-मॅटिक’ या नावाने ती भाषा उपयोगात आली.

१९५९ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पाठिंब्याने सरकारी अधिकारी, कारखानदार व तज्ज्ञ एकत्र आले. प्रत्येक कंपनीच्या संगणकाची भाषा निराळी असे. यंत्र बदलले की सर्व आज्ञावल्या नव्याने लिहाव्या लागत. सर्वांस चालेल अशी एकच भाषा रचण्याचे ठरले. तिचे नाव ‘कोबोल’. जीन सॅमेट यांच्यासारख्या अनेक तज्ज्ञांचा त्यात हात होता आणि हॉपरबाई सल्लागार होत्या. परंतु पाया म्हणून मुख्यतः ‘फ्लो-मॅटिक’चाच उपयोग झाला. डिसेंबर १९६० मध्ये दोन वेगळ्या कंपन्यांच्या दोन संगणकांवर जवळजवळ एकच आज्ञावली चालवून दाखविण्यात आली.

१९६६ च्या अखेरीस वय झाले म्हणून नौदलाने बाईंना निवृत्त केले. परंतु नौदलात ‘कोबोल’चे अनेक अवतार झाले होते आणि एका यंत्रावर चालणारी आज्ञावली दुसऱ्यावर अडत होती. ऑगस्ट १९६७ मध्ये सहा महिन्यांसाठी म्हणून त्यांना परत बोलाविण्यात आले. ते सहा महिने एकोणीस वर्षे लांबले! त्यांच्या पथकाने संकलक तपासण्याच्या चाचण्या तयार केल्या. एखादा संकलक ठरलेल्या नियमांपासून कोठे ढळतो, हे त्यांवरून उघडकीस येई.

या वयातही त्या गावोगाव व्याख्याने देत. जवळ तारेचे लहान तुकडे असत. प्रत्येक तुकडा जेमतेम ३० सेंटिमीटर लांब. सेकंदाचा अब्जावा भाग म्हणजे नॅनोसेकंद. तेवढ्या अवधीत प्रकाश किंवा वीज जास्तीत जास्त किती अंतर जाऊ शकेल, ते दाखविणारे हे तुकडे होते. उपग्रहामार्फत निरोप पोहोचण्यास विलंब का लागतो, असे नौदलाचे ॲडमिरल विचारीत. तेव्हा बाई तो तुकडा पुढे करीत आणि येथून उपग्रहापर्यंत असे किती तुकडे मांडावे लागतील याचा विचार करण्यास सांगत.

हा हिशेब आज घरोघरी लागू पडतो. बँकेतील शिल्लक दूरच्या संगणकाकडून मागवावयाची असली, तर तो संगणक आपले ओळखपत्र दाखवितो, दोन्हीकडून गुप्त लिपीची किल्ली ठरते आणि त्यानंतर खरा निरोप निघतो. वाटेत कोणी ‘ध’चा ‘मा’ केलाच तर तो तत्काळ ध्यानात येतो. हे सर्व करणाऱ्या बहुतेक आज्ञावल्या शब्दांत लिहिलेल्या व संकलकाने यंत्रभाषेत उतरविलेल्या असतात. असा निरोप अडला की तंत्रज्ञ नोंदी उघडून एकेक शक्यता पाहतो. ओळखपत्राची मुदत संपली काय? आपल्याच यंत्राचे घड्याळ चुकीची तारीख दाखवीत असल्याने चांगले ओळखपत्रही बाद ठरले काय? की निरोप अजून वाटेवर असताना आपणच वाट पाहणे सोडले?

१९८३ मध्ये हॉपरबाईंना कमोडोर करण्यात आले. १९८५ मध्ये त्या पदाचे नाव बदलून रिअर ॲडमिरल झाले आणि पणजोबांचे पद पणतीकडे आले. १४ ऑगस्ट १९८६ रोजी बॉस्टन बंदरातील ‘कॉन्स्टिट्यूशन’ या जुन्या युद्धनौकेवर त्यांना निरोप देण्यात आला. त्या वेळी त्या ७९ वर्षांच्या होत्या. त्यानंतरही त्या एका संगणक कंपनीच्या सल्लागार झाल्या! १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचे निधन झाले आणि आर्लिंग्टन येथील राष्ट्रीय दफनभूमीत लष्करी इतमामाने त्यांचा देह ठेवण्यात आला. १९९६ मध्ये जलावतरण झालेल्या एका युद्धनौकेस ‘हॉपर’ हे नाव देण्यात आले. ‘मार्क २’ ची ती नोंदवही आता अमेरिकेच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयाच्या मालकीची आहे, आणि तिच्या पानावर चिकटपट्टीखाली तो पतंग आहे.